विश्लेषण : गुलामांच्या नातीने अमेरिकेतील ‘सदर्न’ जेवण उंची रेस्तराँत कसे नेले?

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत लग्नाचा वाढदिवस, मुलाची पदवी असे काही खास निमित्त असले, की कुटुंब ठेवणीतले कपडे घालून उंची ‘सदर्न’ रेस्तराँत जाते. पांढऱ्या टेबलक्लॉथवर तिथे जे येते, ते एकेकाळी शेतमजुरांच्या आणि गुलामांच्या चुलीवर शिजणारे अन्न असते. त्या अन्नाला हा मान मिळवून देणाऱ्यांत एड्ना लुईस यांचे नाव सर्वात आधी घेतले जाते. त्यांचे आजी-आजोबा गुलामगिरीतून मुक्त झालेले होते. लुईस यांनी स्वयंपाकाचे औपचारिक शिक्षण घेतले नव्हते आणि आयुष्याचा मोठा काळ त्या इतरांच्या रेस्तराँत राबत राहिल्या. त्यांचा हा प्रवास कसा झाला?

‘सदर्न’ जेवण म्हणजे नेमके काय?

व्हर्जिनियापासून टेक्सासपर्यंत पसरलेल्या दक्षिणेकडील राज्यांच्या खाद्यपद्धतीला अमेरिकेत ‘सदर्न’ म्हणतात. ग्रिट्स हा तिचा मुख्य आधार. मक्याचा भरडा पाण्यात किंवा दुधात सावकाश शिजवून तो करतात. आपल्याकडच्या सैलसर उपम्याशी त्याचे दुरून नाते सांगता येईल. त्यावर लोण्यात परतलेली कोलंबी घातली की किनारपट्टीचा प्रसिद्ध पदार्थ तयार होतो.

सोबत बिस्किट येते. हे चहात बुडवायचे कडक बिस्कीट नव्हे, तर पापुद्रे सुटणारा मऊ, छोटा पाव. शिवाय मिठात मुरवून धुरावर धरलेली डुकराची मांडी, म्हणजे कंट्री हॅम. तळलेले चिकन, खेकड्याचे दाट सूप, मक्याचा पाव, पालेभाज्या आणि शेवटी फळांचा पाय किंवा कॉब्लर.

या ताटातले काही जिन्नस मराठी वाचकाला ओळखीचे वाटतील. भेंडी आणि चवळी ही दोन्ही पिके मूळची आफ्रिकेतली मानली जातात. एका वाटेने ती भारतात आली आणि आपल्या स्वयंपाकात इतकी मुरली की ती बाहेरची असल्याचे कुणाच्या मनातही येत नाही. दुसऱ्या वाटेने, गुलामांच्या व्यापाराबरोबर, ती अमेरिकेत पोहोचली. कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरची भातशेतीही पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या लोकांच्या ज्ञानावर आणि श्रमावर उभी राहिली.

म्हणजे पिकवणारे, रांधणारे आणि वाढणारे हात बहुतेक कृष्णवर्णीयांचे होते. पाककृतींच्या पुस्तकांवर आणि रेस्तराँच्या पाट्यांवर मात्र दीर्घकाळ इतरांचीच नावे राहिली. लुईस यांच्या चरित्राचे महत्त्व इथेच सुरू होते.

फ्रीटाउन हे गाव कसे होते?

एड्ना लुईस यांचा जन्म १३ एप्रिल १९१६ रोजी व्हर्जिनियातील ऑरेंज काउंटीत, फ्रीटाउन नावाच्या छोट्या वस्तीत झाला. यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले आणि गुलामगिरी कायद्याने बंद झाली. त्यानंतर मुक्त झालेल्या काही शेतकरी कुटुंबांनी ही वस्ती वसवली. आपण स्वतंत्र माणसे आहोत हे गावाच्या नावातूनच कळावे, म्हणून त्यांनी ते नाव घेतले. लुईस यांचे आजोबा चेस्टर लुईस या संस्थापकांपैकी एक. गावची पहिली शाळा त्यांच्याच घरात भरली.

आजीची गोष्ट अधिक बोचरी आहे. गुलामगिरीच्या काळात ती विटांचे बांधकाम करणारी कारागीर होती. एका श्रीमंत जमीनदाराला हाताने पाडलेल्या विटांचे मोठे वाडे बांधायचे होते. त्यासाठी त्याने तिला ९५० डॉलरना विकत घेतले होते. ही रक्कम नातीच्या लक्षात राहिली आणि पुढे तिने ती आपल्या पुस्तकात नोंदवली.

लुईस यांच्या बालपणी गावात वीज नव्हती. स्वयंपाक लाकडाच्या चुलीवर व्हायचा. धान्य, भाज्या, कोंबड्या, डुकरे, दूधदुभते असे जवळजवळ सगळे गावातच पिके किंवा पोसले जाई. वसंतात कोवळ्या रानभाज्या आणि नदीतले मासे, उन्हाळ्यात बेरी आणि मका, शरदात शिकार, थंडीच्या तोंडावर डुकरे कापून मांस मुरवण्याचे काम, असा वर्षाचा क्रम ठरलेला होता. गव्हाच्या कापणीला अख्खे गाव एका शेतावर जमायचे आणि दुपारचे जेवण सगळ्यांचे एकत्र व्हायचे.

देशभर साजरा होणारा थँक्सगिव्हिंगचा सण फ्रीटाउनमध्ये नव्हता. तिथे मुक्तिदिन साजरा होई. त्या दिवशीच्या जेवणाला गावात सणाचा मान होता आणि त्याचे कारण घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत ताजे होते.

मोजमापाशिवाय चव कशी घडली?

लुईस यांची आई आणि मावश्या-आत्या स्वयंपाकात तरबेज होत्या, पण घरात मोजमापाचे चमचे नव्हते. बेकिंग पावडर, सोडा, मीठ हे सारे नाण्यांवर काढून मोजले जाई. लहान नाण्यावर मावेल तेवढा एक जिन्नस, मोठ्या नाण्यावर मावेल तेवढा दुसरा.

केक भाजला गेला की नाही हे त्या कानाने ओळखत. भट्टीतल्या केकमधून येणारा बारीक बुडबुड्यांचा आवाज थांबत आला, की तो बाहेर काढायची वेळ झाली. पुढे न्यूयॉर्कच्या नामांकित स्वयंपाकघरांतही लुईस केक कानाशी धरत, तेव्हा तरुण शेफना त्याचे मोठे नवल वाटे.

बाजारातल्या बेकिंग पावडरची धातूसारखी चव त्यांना कधीच रुचली नाही. क्रीम ऑफ टार्टर आणि खाण्याचा सोडा मिसळून त्या स्वतःची पावडर करत. आजच्या उंची रेस्तराँत सारे काही तिथेच बनवलेले असल्याचा उल्लेख अभिमानाने होतो. फ्रीटाउनमध्ये ती गरज होती, कारण दुकान जवळ नव्हते आणि हातात रोख पैसाही फारसा नव्हता.

न्यूयॉर्कला त्या कशा पोहोचल्या?

१९२८ मध्ये वडील गेले. घरात आठ भावंडे. त्यातच मंदीचे दिवस आले. सोळाव्या वर्षी लुईस यांनी गाव सोडले. आधी वॉशिंग्टन आणि मग न्यूयॉर्क. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय दक्षिण सोडून अन्य भागांत गेले. त्या मोठ्या स्थलांतरातल्या त्या एक.

ब्रुकलिनमधल्या एका लाँड्रीत त्यांना इस्त्रीचे काम मिळाले. इस्त्री कधी केलेलीच नव्हती, त्यामुळे तीन तासांत नोकरी गेली. शिवणकाम मात्र उत्तम येत होते. फ्रेंच फॅशनच्या पोशाखांच्या हुबेहूब प्रती त्या शिवू लागल्या. मेरिलिन मन्रो यांच्यासाठीही त्यांनी पोशाख शिवला. बॉनविट टेलर या बड्या दुकानाच्या दर्शनी खिडक्या सजवण्याचे कामही त्यांनी केले. उतारवयात आफ्रिकी कापडाचे, स्वतः शिवलेले पायघोळ पोशाख ही त्यांची ओळख बनली.

याच काळात त्या डाव्या चळवळीच्या जवळ आल्या. ‘डेली वर्कर’ या कम्युनिस्ट वृत्तपत्रात त्यांनी काम केले, रूझवेल्ट यांच्या निवडणूक प्रचारातही भाग घेतला. व्यापारी जहाजावरून निवृत्त झालेले स्टीव्हन किंग्स्टन हे त्यांचे पती. तेही कम्युनिस्ट विचारांचे होते.

कॅफे निकल्सनचे आकर्षण काय होते?

लुईस मित्रमंडळींना घरी जेवू घालत आणि त्या जेवणाची चर्चा होई. पुराण्या वस्तूंचे व्यापारी जॉनी निकल्सन त्या मंडळींपैकी एक. १९४०च्या दशकाच्या अखेरीस निकल्सन यांनी छायाचित्रकार कार्ल बिसिंजर यांच्यासोबत मॅनहॅटनच्या पूर्व भागात कॅफे निकल्सन सुरू केले. स्वयंपाकघर लुईस यांच्याकडे आले आणि त्या व्यवसायात भागीदारही झाल्या. कृष्णवर्णीय स्त्री, मॅनहॅटनमधल्या नामांकित ठिकाणची शेफ आणि भागीदार, असे उदाहरण त्या काळी दुर्मीळ होते.

पदार्थ मोजके असत. औषधी पाल्यांचा स्वाद दिलेले भाजलेले चिकन, फिले मिन्यों हा मऊ गोमांसाचा तुकडा, चीजचा सूफ्ले आणि शेवटी चॉकलेट सूफ्ले. अंड्याचा पांढरा भाग फेटून फुलवलेला हा नाजूक पदार्थ भट्टीतून काढल्यावर काही मिनिटांत बसतो. तो रोज, गर्दीच्या वेळी, न चुकता फुललेला वाढणे ही कसोटी असते. लुईस यांचा चॉकलेट सूफ्ले इतका गाजला की क्लेमेंटाइन पॅडलफर्ड या तेव्हाच्या आघाडीच्या खाद्यलेखिकेने त्याची दखल घेतली.

टेनेसी विल्यम्स, ट्रुमन कपोटी, विल्यम फॉकनर, मार्लन ब्रँडो, ग्रेटा गार्बो, साल्वादोर दाली, एलिनॉर रूझवेल्ट अशी पाहुण्यांची यादी होती. यांतले विल्यम्स, कपोटी, फॉकनर हे स्वतः दक्षिणेचे. लुईस पॅरिसमध्ये शिकल्या का, असे फॉकनर यांनी विचारल्याची आठवण त्या पुढे सांगत. मिसिसिपीत वाढलेल्या त्या लेखकालाही ही चव फ्रेंच वाटली. ती प्रत्यक्षात त्याच्या शेजारच्याच मातीतली होती.

१९४९ मध्ये बिसिंजर यांनी या कॅफेच्या बागेत टिपलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. टेबलाभोवती टेनेसी विल्यम्स, गोर व्हिदाल, बॅले नर्तिका तानाकिल ले क्लेर्क आणि इतर दोघे निवांत बसले आहेत. मागे कृष्णवर्णीय वेट्रेस उभी आहे. ज्यांच्या हातच्या जेवणासाठी ही मंडळी जमत, त्या लुईस या चौकटीत नाहीत.

तेव्हा खुद्द दक्षिणेत काय स्थिती होती?

न्यूयॉर्कमध्ये लुईस नामवंतांना जेवू घालत होत्या, तेव्हा त्यांच्या जन्मराज्यात त्यांना गोऱ्यांच्या रेस्तराँत टेबल मिळाले नसते. ‘जिम क्रो’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यांनी आणि रूढींनी दक्षिणेत शाळा, बस, रुग्णालये आणि खाणावळी वर्णानुसार वेगळ्या केल्या होत्या. स्वयंपाकघरात कृष्णवर्णीय चालत. जेवणाच्या दालनात ते फक्त वाढण्यापुरते येऊ शकत. अनेक ठिकाणी त्यांना मागच्या खिडकीतून पुडके बांधून घ्यावे लागे.

प्रवासात कुठे जेवता आणि झोपता येईल, याची यादी देणारी ‘ग्रीन बुक’ ही मार्गदर्शिका १९३६ पासून छापली जात होती. खास प्रसंगी बाहेर जेवायला जाणे ही गोऱ्या कुटुंबासाठी हौस होती. कृष्णवर्णीय कुटुंबासाठी तो अपमानाचा, प्रसंगी जिवाचा धोका होता.

१ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो इथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थ दुकानाच्या उपाहार काउंटरवर बसले आणि वाढले जात नसतानाही उठले नाहीत. तिथून अशी आंदोलने दक्षिणेत पसरली. २ जुलै १९६४ रोजी नागरी हक्क कायदा झाला आणि रेस्तराँतील वर्णभेद बेकायदा ठरला.

तरी विरोध संपला नाही. तळलेल्या चिकनसाठी प्रसिद्ध असलेल्या अटलांटातील पिकरिक या रेस्तराँचे मालक लेस्टर मॅडॉक्स यांनी पिस्तूल दाखवून कृष्णवर्णीय ग्राहकांना दारातून हाकलले. सर्वांना वाढण्यापेक्षा त्यांनी ते रेस्तराँ बंद करणे पसंत केले. पुढे १९६७ मध्ये तेच जॉर्जियाचे गव्हर्नर झाले. बर्मिंगहॅममधल्या एका बार्बेक्यू खाणावळीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे डिसेंबर १९६४ मध्ये हा कायदा वैध ठरला.

थोडक्यात, आज ज्या उंची सदर्न रेस्तराँत कुणीही टेबल राखून ठेवू शकतो, तिथे बसण्याचा हक्क कायद्याने मिळाला तेव्हा लुईस ४८ वर्षांच्या होत्या.

मोडलेल्या पायातून पुस्तक कसे आले?

१९५०च्या दशकात लुईस कॅफे निकल्सनमधून बाहेर पडल्या. पतीसोबत न्यू जर्सीत फेझंट पक्षी पाळण्याचा व्यवसाय करून पाहिला, पण रोगाने सारे पक्षी दगावले. मग घरगुती समारंभांचा स्वयंपाक, पाककलेचे वर्ग, न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आफ्रिकी दालनाची माहिती देण्याचे काम, असे बरेच काही केले. पुढे पाय मोडला आणि उभे राहून स्वयंपाक करणे काही काळ थांबले.

त्यांचे पहिले पुस्तक १९७२ मध्ये आले. एका मैत्रिणीच्या साहाय्याने लिहिलेले ते पाककृतींचे नेहमीच्या घाटाचे पुस्तक होते. याच सुमारास नॉफ प्रकाशनाच्या संपादक ज्युडिथ जोन्स यांच्याशी त्यांची गाठ पडली. ॲन फ्रँकची डायरी नाकारलेल्या हस्तलिखितांच्या गठ्ठ्यातून बाहेर काढणाऱ्या आणि ज्युलिया चाइल्ड यांचे फ्रेंच पाककलेचे पुस्तक घडवणाऱ्या त्या याच जोन्स. मधुर जाफरी यांच्या भारतीय पाककृतींच्या पहिल्या पुस्तकाच्या संपादकही त्याच.

लुईस फ्रीटाउनबद्दल बोलू लागल्या की त्यांचा सूर बदलतो, हे जोन्स यांनी ओळखले. जे बोलता ते तसेच लिहा, असे त्यांनी सुचवले. लुईस वहीत हाताने लिहीत गेल्या आणि १९७६ मध्ये ‘द टेस्ट ऑफ कंट्री कुकिंग’ प्रसिद्ध झाले.

या पुस्तकाची मांडणी पदार्थांच्या प्रकारांनुसार नाही. ती ऋतूंनुसार आणि प्रसंगांनुसार आहे. मेंढ्यांची लोकर कातरल्यानंतरचे जेवण, गहू कापणीच्या दिवसाचे जेवण, डुकरे कापल्याच्या दुसऱ्या दिवशीची न्याहारी, मुक्तिदिनाचे जेवण. प्रत्येक पाककृतीआधी त्या दिवसाची हकीकत येते. गुलामगिरीचा उल्लेख आहे, पण ते पुस्तकाचे रडगाणे होत नाही. स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या हिमतीवर नीटनेटके जगणाऱ्या लोकांचे चित्र त्यातून उभे राहते.

ते महत्त्वाचे का, हे कळण्यासाठी तेव्हाचा समज लक्षात घ्यावा लागतो. सदर्न म्हणजे तेलकट, जड, गरिबीचे खाणे, आणि कृष्णवर्णीय स्वयंपाकीण म्हणजे पॅनकेकच्या खोक्यावर हसणारी मोलकरीण, अशी प्रतिमा बाजाराने रुजवली होती. लुईस यांनी वाद घातला नाही. ताजे, हंगामी, काळजीपूर्वक रांधलेले अन्न कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या घरात रोज होत होते, हे त्यांनी तपशिलाने दाखवून दिले. हंगामी आणि स्थानिक अन्नाची चळवळ अमेरिकेत तेव्हा नुकती बाळसे धरत होती. तिच्या पुढाऱ्यांनी या पुस्तकाचे ऋण मान्य केले आहे.

मिडलटन प्लेसमधल्या स्वयंपाकघराचे महत्त्व काय?

पुस्तक गाजले तरी लुईस यांचे कष्ट संपले नाहीत. १९८०च्या दशकात त्यांनी नॉर्थ कॅरोलायनातील फेअरिंग्टन हाउसमध्ये आणि मग साउथ कॅरोलायनातील चार्ल्स्टनजवळच्या मिडलटन प्लेसमध्ये काम केले.

मिडलटन प्लेस ही ॲश्ली नदीकाठची जुनी जमीनदारी. तिथली आखीव बाग १७४०च्या दशकातली. या घराण्यातले आर्थर मिडलटन यांची सही अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर आहे. ही बाग आणि भातशेतीची संपत्ती शेकडो गुलामांच्या श्रमातून उभी राहिली. आता तिथे पर्यटक येतात, बाग पाहतात आणि रेस्तराँत जेवतात.

गुलामांच्या नातीने तिथल्या स्वयंपाकघरात प्रमुख म्हणून उभे राहावे, ही घटना साधी नव्हती. लुईस यांनी तिथे किनारी भागातल्या जुन्या पदार्थांना मेनूवर जागा दिली. हे अन्न त्या वाड्याच्या मालकांचे म्हणून नव्हे, तर ते रांधणाऱ्यांचे म्हणून ओळखले जावे, अशी त्यांच्या कामाची दिशा होती.

सत्तरी ओलांडल्यावर ब्रुकलिनमध्ये काय घडले?

१९८०च्या दशकाच्या अखेरीस लुईस पुन्हा न्यूयॉर्कला आल्या. ब्रुकलिनमधले गेज अँड टोलनर हे १८७९ पासूनचे रेस्तराँ. भिंतींवर मोठे आरसे, छताला गॅसचे दिवे आणि वेटरांच्या गणवेशावर सेवेची वर्षे दाखवणारी चिन्हे. कालवे आणि स्टेक यांसाठी ते ओळखले जाई, पण त्याचे वैभव ओसरले होते. मालकांनी ते सावरण्यासाठी सत्तरी ओलांडलेल्या लुईस यांना प्रमुख शेफ म्हणून बोलावले.

त्यांनी मेनूत दक्षिण आणली. चार्ल्स्टनचे शी-क्रॅब सूप, म्हणजे मादी खेकड्याचे मांस, तिची अंडी, साय आणि शेरी घालून केलेले मऊसर सूप, तिथली खासियत ठरले. मक्याचा पाव, कंट्री हॅम, पाय हे पदार्थ आले. न्यूयॉर्कचे खवय्ये आणि समीक्षक नदी ओलांडून ब्रुकलिनला येऊ लागले.

रेस्तराँचे स्वयंपाकघर म्हणजे तासन्‌तास उभे राहणे, उष्णता, जड भांडी. या वयात बहुतेक शेफ केव्हाच निवृत्त झालेले असतात. लुईस मात्र १९९२ पर्यंत तिथे होत्या. त्यांच्या पुस्तकांना मान होता. पण ज्युलिया चाइल्ड यांच्यासारखी दूरचित्रवाणी मालिका आणि तिच्याबरोबर येणारी आर्थिक स्थिरता त्यांच्या वाट्याला आली नाही. त्यांच्या कीर्तीबद्दल लिहिताना ही बाजू बऱ्याचदा सुटते.

स्कॉट पीकॉक यांच्याशी भागीदारी कशी जमली?

मॅडॉक्स ज्या जॉर्जियाचे गव्हर्नर होते, त्याच राज्याच्या गव्हर्नर निवासात १९८०च्या दशकाच्या अखेरीस स्कॉट पीकॉक हा अलाबामाचा तरुण गोरा शेफ काम करत होता. त्याची ओढ युरोपीय पाककलेकडे होती. लुईस यांची भेट झाल्यावर त्यांनी त्याला स्वतःच्या घरच्या जेवणाकडे पुन्हा पाहायला लावले.

दोघांच्या वयात जवळपास अर्धशतकाचे अंतर, वर्ण वेगळे, पार्श्वभूमी वेगळी. तरी मैत्री जमली. १९९०च्या दशकात दोघांनी सदर्न पदार्थांच्या जतनासाठी एक संस्था काढली, जुन्या पाककृती गोळा केल्या. लुईस अटलांटाजवळच्या डेकाटूर इथे राहायला गेल्या. २००३ मध्ये दोघांचे ‘द गिफ्ट ऑफ सदर्न कुकिंग’ हे पुस्तक आले.

त्यातली तळलेल्या चिकनची पद्धत पाहिली, तर उंची रेस्तराँत या पदार्थाला जास्त पैसे का पडतात ते कळते. चिकन आधी आठ ते बारा तास मिठाच्या पाण्यात, मग तेवढाच वेळ ताकासारख्या बटरमिल्कमध्ये ठेवायचे. तळण्यासाठी डुकराची चरबी आणि लोणी एकत्र वितळवायचे, त्यात कंट्री हॅमचा तुकडा टाकून त्याचा स्वाद उतरू द्यायचा आणि मग त्या चरबीत चिकन बेताच्या आचेवर तळायचे. झटपट खाण्याचे प्रतीक बनलेल्या या पदार्थाला इथे जवळपास एक दिवस लागतो.

लुईस यांच्या शेवटच्या आजारपणात पीकॉक यांनीच त्यांची काळजी घेतली. १३ फेब्रुवारी २००६ रोजी डेकाटूर इथे, वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दफन मात्र व्हर्जिनियात, जन्मगावाजवळ झाले.

त्यांचे योगदान किती मानले गेले?

१९९५ मध्ये जेम्स बियर्ड फाउंडेशनने त्यांना हयातीतल्या दिग्गजांसाठीचा पुरस्कार दिला. २०१४ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने नामवंत शेफवर तिकिटे काढली. त्या पाचांत जेम्स बियर्ड, ज्युलिया चाइल्ड, जॉयस चेन, फेलिपे रोहास-लोम्बार्डी यांच्यासोबत लुईस होत्या. २०१७ मध्ये एका लोकप्रिय पाककला स्पर्धेच्या कार्यक्रमाने एक भाग त्यांना वाहिला आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकाला पुन्हा मोठी मागणी आली. २००४ मध्ये बंद पडलेले गेज अँड टोलनर २०२१ मध्ये नव्याने सुरू झाले, तेव्हा त्यांच्या काळाची आठवण प्रकर्षाने निघाली.

तरीही एक प्रश्न शिल्लक राहतो. सदर्न जेवण महागले, प्रतिष्ठित झाले, पण त्यातून होणाऱ्या कमाईत आणि नावात ते जेवण घडवणाऱ्या समाजाचा वाटा किती? चार्ल्स्टन, अटलांटा, न्यू ऑर्लिन्समध्ये गेल्या काही वर्षांत कृष्णवर्णीय शेफनी स्वतःची रेस्तराँ काढली आहेत आणि ते हा प्रश्न उघडपणे विचारतात. त्यांपैकी अनेक जण आपली परंपरा सांगताना लुईस यांचे नाव घेतात.

अशा रेस्तराँत आज टेबल मिळवणाऱ्या पाहुण्याला मेनूकार्डावर कोंबडी कोणत्या शेतावरची, मका कोणत्या गिरणीतला, भाजी कोणत्या महिन्यातली हे छापलेले दिसते. लुईस यांनी १९७६ मध्ये फ्रीटाउनबद्दल हेच लिहिले होते. त्यांच्या यादीत मात्र शेतासोबत तिथे राबणाऱ्या माणसांचीही नावे होती.